अनुभव धागा : कोकणचा अनाघ्रात किनारा आणि आपला कॅमेरा

सुरंगी :
कोकणातल्या समुद्राचे फोटो म्हटले की बहुतेकांच्या फोनमध्ये सूर्यास्त, शहाळं आणि घोडागाडी असते. हा धागा दुसऱ्या किनाऱ्यासाठी काढलाय. जिथे पुळणीवर माणसांच्या पावलांपेक्षा खेकड्यांनी टाकलेल्या वाळूच्या गोळ्या जास्त दिसतात, कांदळवन अजून उभं आहे, रात्री काळोख अजून खराखुरा आहे, असं एखादं ठिकाण तुम्ही मनापासून पाहिलं असेल तर लिहा. कधी गेलात, समुद्र कसा होता, काय टिपता आलं, काय नुसतंच पाहिलंत. एक विनंती : कासवाचं घरटं किंवा समुद्री गरुडाचं झाड नेमकं कुठे आहे ते सांगू नका. गावाचं नाव पुरे.

सुरुवात मी करते. माझं सासर रत्नागिरीजवळचं. तिथला कातळकिनारा मला पुळणीहून जास्त आवडतो, पण तो हवा तेव्हा दिसत नाही, चांगली सुकती म्हणजे ओहोटी लागली तरच उघडा पडतो. वेळ काढायची रीत सासूबाईंकडून शिकले. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अमावास्या-पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी आणि सहा तास नंतर ओहोटी. म्हणजे उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं ते पहाटे पाचच्या आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. संध्याकाळची सुकती फोटोसाठी उत्तम, कारण उजेडही तेव्हाच मऊ होतो. अष्टमीला याच्या उलट. भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला, आणि भांगाचं, म्हणजे अष्टमीच्या लहान भरती-ओहोटीचं, पाणी धड मागेही सरत नाही.

अशाच एका अमावास्येला संध्याकाळी परातीएवढ्या एका खळग्यापाशी बसले होते. तळाशी समुद्रफुलं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, उघडलेली, कडेला कालवांची दाटी, मध्ये एक शंख. थोड्या वेळाने शंख चालायला लागला. आधी देठांवरचे डोळे बाहेर आले, मग पाय. शेजारी एक मोकळा शंख पडला होता. खेकड्याने त्यात नांगी घालून चाचपून पाहिलं, शंख उलटा केला, पुन्हा चाचपलं, आणि पापणी लवायच्या आत आपलं मऊ, वाकडं पोट जुन्या शंखातून काढून नव्यात सरकवलं. तो उघड्या पोटाचा क्षण मला मिळाला. पोलरायझर लावून कॅमेरा तिरका धरला होता, त्यामुळे पाण्यावरची आभाळाची चमक गेली आणि तळ स्वच्छ दिसला. खळग्यातले दगड उलटवू नका. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हाने मरतात. उलटवलाच तर जसा होता तसा परत ठेवा.

सागरगोटा :
तिथीची पाऊणपट आमच्या आजोबांच्या तोंडी असायची! आता माझं वेळास. मंडणगड तालुक्यातलं हे गाव कासवांसाठी ठाऊक आहेच सगळ्यांना. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडलेची अंडी राखायला सुरुवात केली. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. कोल्हे-कुत्री अंडी उकरतात म्हणून ती उचलून कुंपणाआडच्या वाळूत तशाच खड्ड्यात ठेवतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं वर येतात.

आम्ही मार्चमध्ये गेलो, एका घरी उतरलो. सकाळी घरट्यावरची टोपली उचलली तेव्हा आत पिल्लं होती. दोरीमागे सगळे गप्प उभे. मी पालथा झोपलो आणि लेन्स वाळूला टेकवली. उभं राहून काढलेल्या फोटोत पिल्लू म्हणजे नुसता काळा ठिपका दिसतो. जमिनीलगत आलात तर समोरून त्याचं तोंड, पापण्यांना चिकटलेले वाळूचे कण आणि मागे येणारी लाट असं सगळं एका चौकटीत मिळतं. पुढचे दोन्ही पाय एकाआड एक टाकत ते येतं, थांबतं, मान वर करतं, पुन्हा निघतं. पहिली लाट त्याला परत मागे ढकलते. त्या वेळी पलीकडच्या आजी हळूच म्हणाल्या, "जा रे बाळा." माझा फोटो हलला. तोच मी घरात लावलाय.

फ्लॅश आणि मोबाईलचा टॉर्च अजिबात नको. पिल्लं उजळ क्षितिजाकडे जातात, आणि आपण दिवा लावला की वाट चुकतात. हातात उचलून पाण्यात सोडायचा हट्टही धरू नका. ते चालणं त्यांचं त्यांनीच चालायचं असतं.

दर्याकाठ :
गुहागरहून. सागरगोटा, तुमच्या लिखाणात थोडी भर. २०२२ च्या जानेवारीत वेळासला एका मादीच्या पाठीवर सॅटेलाइट टॅग बसवला, तिचं नाव 'प्रथमा'. आणि २०२५ मध्ये आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायाला ओडिशात २०२१ मध्ये लावलेला टॅग सापडला. पूर्व किनाऱ्यावरची मादी इकडे अंडी घालते, हे कळल्यापासून पुळणीवरची ती ट्रॅक्टरच्या चाकासारखी खूण दिसली की मी ओलांडत नाही, वळसा घालून जातो. फोटो काढायचा तर सूर्य वर यायच्या आत. तिरप्या उजेडात खुणेची खोली कळते, दहा वाजता सगळं सपाट.

खाडीवरची :
आचऱ्याच्या खाडीबद्दल. कांदळवनात पायी घुसू नका, चिखलातून वर आलेली श्वासमुळं तुडवली जातात. होडी घ्या आणि होडीवाल्या दादांना आत गेल्यावर इंजिन बंद करून वल्ह्याने न्यायला सांगा. मग पंधरा मिनिटांत सगळं वन बोलायला लागतं. ओहोटीला चिखलावर निवटे, म्हणजे चिखलात राहणारे मासे, बाहेर येतात, पाठीवरचा पंख उभारून एकमेकांवर धावून जातात. होडीच्या काठावर हनुवटी टेकवून बसलात की ते बरोबर डोळ्यांच्या रेषेत येतात.

मला मात्र फोटो हवा होता चिप्पीच्या फुलाचा. पांढरी चिप्पी २०२० पासून आपल्या राज्याचा कांदळवृक्ष आहे, पण तिचं फूल फार थोड्यांनी पाहिलंय, कारण ते रात्री उमलतं आणि सकाळी पुंकेसर गळून पाण्यावर तरंगतात. आम्ही अंधार पडल्यावर गेलो. पांढऱ्या पुंकेसरांचे झुबके, आणि त्यांच्यात वटवाघळांची ये-जा. वटवाघळं टिपायला फ्लॅश लागला असता, म्हणून नाही टिपली. सकाळी तरंगणाऱ्या पुंकेसरांचा फोटो काढला. त्या वर्षातला माझा सगळ्यात लाडका फोटो तोच.

मालवणी मेवा :
आमच्याकडे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९ चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली प्रवाळ आहेत. पाऊस संपून समुद्र निवळल्यावर या. माझे काका होडी घालतात, ते गिऱ्हाइकाला सरळ सांगतात, "आज पाणी गढूळ आसा, उद्या येवा." त्या दिवसाचे पैसे जातात, तरी सांगतात. खाली फोटो हिरवट येतात कारण पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी विरतो. त्यामुळे जवळ जाऊन काढा, पण प्रवाळाला हात-पाय लागू देऊ नका. पायातल्या फिनचा एक फटका बसला तर वर्षानुवर्षांची वाढ मोडते.

अलिबागकर :
फणसाड राहिलं. मुरुडच्या वरचं जंगल, जंजिऱ्याच्या नवाबांचं शिकारीचं रान, १९८६ पासून अभयारण्य. उन्हाळ्यात गाणांवर, म्हणजे बारमाही पाणवठ्यांवर बसा. शेकरू दिसतं आणि झाडांच्या फटीतून समुद्रही.

सागरगोटा :
निळ्या लाटा कुणी टिपल्यात का?

दर्याकाठ :
हो. नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव असतो, पाणी हललं की चमकतो. थंडीच्या सुरुवातीला दिसण्याची शक्यता बरी. चंद्र नसलेली रात्र, रस्त्यावरच्या दिव्यांपासून लांबची पुळण, ट्रायपॉड, आणि दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर. त्याहून जास्त ठेवलं तर लाटांचं नुसतं धुकं होतं. आणि ड्रोनबद्दल आधीच लिहितो : समुद्री गरुडाचं घरटं उंच झाडावर असलं तरी ड्रोन नको. पक्षी उठतो आणि अंडी उघडी पडतात.

खाडीवरची :
सुरंगीताई, पावसाळ्यात समुद्र बंद असतो तेव्हा काय करता?

सुरंगी :
समुद्राकडे पाठ करून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढते! जुलैत कातळावर दीपकाडीची पांढरी फुलं येतात, ती कोकणाबाहेर कुठे उगवत नाहीत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं आणि गेंद. याच सड्यांना कागदोपत्री पडीक म्हणतात, याचा मला फार राग येतो. मॅक्रो लेन्स नसली तरी चालेल, फोन जमिनीला टेकवून काढा. बसायला गोणपाट, लेन्स पुसायला सुती फडकं, आणि पावलं उघड्या कातळावर टाकायची, डबक्याच्या कडेच्या गवतात नाही, कारण फुलं तिथेच असतात. श्रावणात येणार असाल तर कळवा, आमच्या घरापासून सडा चालत अर्ध्या तासावर आहे.