मदत हवी आहे: लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाणी-चिखलातून होणारा जंतुसंसर्ग) संशयित रुग्णाचे क्रिएटिनिन चढते आहे, पण लघवी भरपूर, डायलिसिससाठी कधी हलवावे?

नमस्कार. मी कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी असून एका रुग्णाबाबत अनुभवी डॉक्टरांचे मत आज रात्रीच हवे आहे.

रुग्ण ५८ वर्षांचे शेतकरी, वजन ५० किलो. आठवडाभर चिखलात भातलावणी केल्यावर त्यांना ताप आला, डोळे लाल झाले आणि पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की हात लावू देईनात. गावात दोन दिवस डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची इंजेक्शने झाली. रक्तदाबाची टेल्मिसार्टन चालूच होती. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा घटक, ०.९ होते (तो कागद सुनेने रेशनकार्डाच्या पिशवीतून काढून दिला, नाहीतर मूळ आकडा कळलाच नसता). काल ते १.९ होते, आज २.९ आहे, म्हणजे मूळच्या तिपटीहून अधिक, केडिगोच्या (मूत्रपिंडविकारांची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे) निकषांनुसार मूत्रपिंडाच्या तीव्र इजेचा तिसरा, सर्वांत गंभीर टप्पा. तरीही १२ तासांत ९०० मिलि लघवी झाली आणि पोटॅशियम उलट कमी, ३.१ आहे. प्लेटलेट ६८ हजार.

डायक्लोफेनॅक आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही औषधे बंद करून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे प्रतिजैविक सुरू केले आहे. दाखल करताना वरचा रक्तदाब ८६ होता, म्हणून दोन लिटर सलाईन दिले. आता तो ११० आहे, पण संध्याकाळपासून फुप्फुसांच्या तळाशी करकर ऐकू येते आणि ऑक्सिजन ९३ टक्के आहे. डायलिसिसची सोय दोन तासांवर. रात्र इथेच काढावी का? लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड द्यावे का?

प्रतिसाद: रात्र काढू नका. लेप्टोत मूत्रनलिकांना इजा होऊन पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते, त्यामुळे लघवी आणि पोटॅशियम या दोहोंवर विसंबून निर्धास्त राहता येत नाही. मात्र हलवण्याचे खरे कारण क्रिएटिनिन नसून फुप्फुसे आहेत. सलाईन जास्त झाले असेल किंवा आत रक्तस्राव सुरू झाला असेल, आणि थुंकीत रक्त दिसेपर्यंत थांबणे महागात पडते. सलाईन थांबवा, ऑक्सिजन लावा, एक्स-रे काढा. फ्युरोसेमाइड पाणी साठले असेल तरच द्या. त्याने मूत्रपिंड बरे होत नाही. लघवीची ताशी नोंद आणि तो ०.९चा कागद सोबत पाठवा.

धागाकर्ता: एक्स-रेत दोन्ही बाजूंना ठिपके आहेत. १०८ निघाली आहे, कागद सुनेच्या हाती दिला आहे.