आवाज आपल्याच माणसाचा, फोन भामट्याचा: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात मावशीला मुलाचा फोन आला. "आई, माझ्या गाडीखाली माणूस आलाय, पोलीस सोडत नाहीयेत, ४० हजार टाक." आवाज हुबेहूब त्याचा, रडताना नाक ओढणंसुद्धा. तिने पैसे पाठवले, मग त्याच्या नेहमीच्या नंबरावर फोन लावला. तो डबा खात होता. आधीचा आवाज एआयने केलेली नक्कल होती. पैशांपेक्षा तिला हे खुपतं, की पोटच्या पोराचा आवाज ओळखता आला नाही. यात तिची काय चूक? तुमच्याकडे काय घडलं?

सातारा, निवृत्त शिक्षिका:
माझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले म्हणे. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दीतला साहेब, मागे राजमुद्रा. "आजी, दाराला कडी लावा, कुणाशी बोलायचं नाही." दोन तास खुर्चीवरून हलले नाही. पाणीसुद्धा विचारून प्यायले. शेजारच्या वहिनींनी कडी वाजवली, तर साहेब ओरडला, "दार उघडू नका!" तेव्हा खटकलं. खरा पोलीस वहिनींना का घाबरेल? फोन बंद केला. 'डिजिटल अरेस्ट', म्हणजे अशी व्हिडिओ कॉलवरची अटक, असं कायद्यात काही नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या 'मन की बात'मध्येच सांगितलं होतं. मला भाच्याने नंतर ऐकवलं.

ठाणे:
सचिन तेंडुलकर गेमिंग ॲपची जाहिरात करतोय, असा व्हिडिओ पाहून बाबा पैसे भरायला निघालेले. "सचिन खोटं का बोलेल?" व्हिडिओ बनावट असल्याची सचिनचीच जानेवारी २०२४ची पोस्ट दाखवली, तेव्हा थांबले.

नाशिक, अकाउंट्स:
हाँगकाँगमधल्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेब आणि सहकारी दिसले म्हणून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. समोरचे सगळे चेहरे बनावट होते. २०२४ साली हे उघड झाल्यापासून आमच्याकडे तोंडी आदेशावर पैसे सुटत नाहीत. आधी साहेबांच्या जुन्या नंबरावर आपण फोन करायचा.

कोल्हापूर:
पैसे गेल्यावर रडत बसू नका, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. मी पंधरा मिनिटांत लावला. यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, हाताशी होता. ६२ हजारांतले ४८ हजार पुढच्या खात्यात गोठवले गेले. हातात पडायला कोर्टाचा आदेश आणि पाच महिने लागले, पण मिळाले.

मावशीकडे आता परवलीचा शब्द ठरलाय. मुलाच्या लहानपणातला, कुठल्याच फोटोखाली न लिहिलेला. इथेही लिहीत नाही. परवा त्याने खरंच पैशांसाठी फोन केला, तेव्हा तिने आधी तो विचारला. त्याने न चिडता सांगितला.