मदत हवी आहे: आइस स्केटिंगसाठी हेल्मेटसारखं न दिसणारं शिरस्त्राण

निसरडी_वाट
नमस्कार मंडळी. मोठ्या वयात फिगर स्केटिंग शिकणाऱ्यासाठी विचारते आहे. पातळी: मागे सरकता येतं, थ्री टर्न (एका पायावर वळून दिशा बदलणं) आणि दोन पायांवरची स्पिन (जागच्या जागी गिरकी) चालू. डोक्याचा घेर ५६ सेंमी, केस लांब, अंबाडा घातलेला. रिंकवर सगळे उघड्या डोक्याने फिरत असताना हेल्मेट घालायला संकोच वाटतो. म्हणून तीन वस्तू आणून आधी घरी घालून बघायच्या आहेत: फोमचा हेडबँड, आत पॅड असलेली लोकरी टोपी आणि प्लास्टिकचं कवच बसवलेली बेसबॉल कॅप. यातलं काय ठेवावं? घालून बघताना नेमकं काय तपासायचं?

भागाकार
पहिल्यांदा फोमची जाडी मोजा. रंग आणि ढब नंतर.

पाय निसटून माणूस मागे पडला की डोकं साधारण दीड मीटरवरून खाली येतं. वाटेत काही आडवं आलं नाही तर आदळताना वेग सेकंदाला ५.४ मीटर, म्हणजे ताशी १९ किमीच्या वर. बर्फ दबत नाही, त्यामुळे थांबायला जे काही अंतर मिळेल ते फोमच देणार. पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, इतका साधा हिशेब. १५० सेंमीला २ सेंमीने भागलं तर सरासरी ७५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ७५ पट झटका. हेडबँडमधला ७ मिमी फोम ५ मिमी दबला, तर ३०० जी. कमाल आकडा सरासरीच्याही वर जातो. पाकिटावर फोमचं नाव कितीही भारदस्त असो, हा भागाकार चुकत नाही.

म्हणून हेडबँड म्हणजे खोक आणि टेंगूळ यांवरचा उपाय. त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका.

बेसबॉल कॅप सरळ परत करा. तिच्यावर ईएन ८१२ असं लिहिलेलं सापडेल. ते मानक चालताना एखाद्या स्थिर, कठीण वस्तूला डोकं आपटू नये एवढ्यापुरतं आहे, पडण्यासाठी नाही.

थंड_फोम
वरच्याशी सहमत. आता तपासणीचं बघू.

डोक्याच्या मागे मधोमध बोटाला एक उंचवटा लागतो. मागे पडल्यावर बहुतेक वेळा तोच भाग टेकतो. पॅडची खालची कड त्याच्या खाली उतरली पाहिजे. तिथे बोट ठेवून मोबाइलने मागून फोटो काढा. मग मानेवर तळहात ठेवून हेडबँड वर ढकला. सहज सरकला तर पडतानाही सरकणारच, कारण त्याला हनुवटीचा पट्टा नसतो. बऱ्याच जणांचा हेडबँड याच परीक्षेत नापास होतो.

त्यानंतर २० मिनिटं घालून ठेवा, फिरत्या खुर्चीवर दोन्ही दिशांना गरगर फिरा आणि थांबल्यावर कड कुठे आहे ते पुन्हा बघा. कानावर पॅड येत असेल तर मागून कुणी ‘बाजूला!’ म्हणून ओरडलेलं ऐकू येत नाही. ही कुरकूर किरकोळ वाटते, पण गर्दीच्या वेळी महागात पडते.

लोकरी टोपीचे पॅड खिशातून काढता येत असतील तर एक पॅड तासभर फ्रीजमध्ये ठेवून अंगठ्याने दाबा. काही मऊ फोम गारव्यात लाकडासारखे कडक होतात. धुतल्यावर पॅड परत घालताना बाक डोक्याच्या बाजूला हवा. उलटा बसला की मधे पोकळी राहते.

अंबाड्याचं मात्र काहीतरी करावं लागेल. उंच अंबाडा टोपी वर उचलतो, खालचा अंबाडा पॅड मागे ढकलतो. मानेपाशी सैल वेणी घाला. पॅडखाली धातूची पिन किंवा चाप अजिबात नको.

निसरडी_वाट
म्हणजे न दिसणारं काहीच चालणार नाही?

भागाकार
तुमच्या पातळीला मागे पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, तेव्हा माझं मत हेल्मेटलाच. हेल्मेटनेही मेंदूला हादरा बसणारच नाही असं नाही, पण फोमची जाडी तरी मिळते. एएसटीएम एफ १८४९ हे शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंगचं मानक. ईएन १०७८ सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट्ससाठी. यांतलं बेताच्या आकाराचं हेल्मेट घ्या आणि वरून पातळ, सैल कापडी खोळ घाला. लांबून टोपीच वाटते. हेल्मेटच्या आत लोकरी टोपी मात्र घालू नका, माप सैल होतं. थर्माकोलसारखा पांढरा फोम एकदा जोरात दबला की पुन्हा फुगत नाही. बाहेरून शाबूत दिसलं तरी ते हेल्मेट बाद.

हेडबँड ठेवायचा तर ‘नाहीतर काहीच घालणार नाही’ अशा दिवसासाठी ठेवा.

थंड_फोम
एक राहिलं. तेल लावलेल्या केसांवर घालून बघू नका. आतली सिलिकॉनची पट्टी घसरते, त्यामुळे मापाचा अंदाज चुकतो. आणि डाग पडला की दुकानदार वस्तू परत घेत नाही.