डिलिव्हरीच्या तोंडावर डीलर प्रीपेड सर्व्हिस प्लॅन गळ्यात मारतोय, घ्यावा का?

चाकावरचा_नवखा:
मंडळी, पुढच्या आठवड्यात माझी पहिली नवीन गाडी ताब्यात येतेय, पेट्रोल, मॅन्युअल गिअर. बुकिंगच्या वेळी कुणी काही बोललं नाही आणि आता सेल्सवाला रोज फोन करून सर्व्हिस प्लॅन घ्या म्हणून मागे लागलाय. ३ वर्षं किंवा ३०,००० किमी, जे आधी होईल ते, एकूण ५ सर्व्हिस, आणि म्हणे सुट्या सर्व्हिस करण्यापेक्षा २० टक्के स्वस्त पडतं. वर असंही सांगतोय की आत्ता वेगळे पैसे द्यायची गरज नाही, लोनमधेच टाकून देतो, हप्ता जेमतेम वाढेल. माझं रनिंग महिन्याला ७००-८०० किमी, म्हणजे वर्षाला साधारण ९,०००. गाडी निदान ७-८ वर्षं वापरायची आहे. घरात कुणालाच गाडीतलं फार कळत नाही त्यामुळे वाटतं की घेऊन टाकावा, डोक्याला ताप नको, पण २० टक्के कशाच्या तुलनेत हे विचारलं की तो उत्तरच देत नाही, फक्त ब्रोशर पाठवतो. हे पैसे खरंच वसूल होतात का? बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिस केली तर वॉरंटी जाते असंही म्हणाला, ते खरं आहे का?

ग्रीसचे_हात:
मी बरीच वर्षं डीलर वर्कशॉपमधे सर्व्हिस ॲडव्हायजर होतो, आता ते काम सोडलंय, म्हणून मोकळेपणी सांगतो. ब्रोशर बाजूला ठेवा आणि गाडीचं ओनर्स मॅन्युअल मागवा, गाडी यायची असली तरी पीडीएफ मिळतं. त्यात शेवटच्या पानांकडे मेंटेनन्स शेड्यूलचा तक्ता असतो, डाव्या बाजूला पार्टची नावं, वर किमी आणि महिने, आणि चौकटींमधे 'आय' किंवा 'आर' अशी अक्षरं. आय म्हणजे इन्स्पेक्ट, नुसतं बघायचं, आर म्हणजे रिप्लेस, बदलायचं. पेन्सिल घ्या आणि तुमच्या प्लॅनमधे येणाऱ्या रकान्यांतले फक्त आर मोजा, कारण खरे पैसे लागतात ते आरला.

बहुतेक पेट्रोल गाड्यांना १,००० ला सगळे आय असतात, ५,००० लाही बहुधा तेच. १०,००० ला इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ड्रेन प्लगचा वॉशर. २०,००० ला परत तेच आणि बहुतेक ठिकाणी ब्रेक फ्लुइड, कारण ते २ वर्षांनी बदलायचं असतं. ३०,००० ला पुन्हा ऑइल-फिल्टर. म्हणजे नावाला ५ सर्व्हिस, कामाच्या ३. आणि पहिल्या काही सर्व्हिस लेबर-फ्री कंपनी तशाही देते, बिल फक्त ऑइल-फिल्टरचं येतं. ती मजुरी प्लॅनच्या हिशोबात धरलीय का हे नक्की विचारा, माझ्या अनुभवात २० टक्के वगैरे आकडे बरेचदा तिथूनच येतात.

आता मला सगळ्यात जास्त खटकतंय ते सांगतो. तुमचा प्लॅन ३०,००० ला संपतो आणि खर्चाची सर्व्हिस असते ४०,००० ची! एअर फिल्टर, परत ब्रेक फ्लुइड, साधे प्लग असतील तर स्पार्क प्लगसुद्धा (इरिडियमचे असतील तर ते लाखभर किमी चालतात, मॅन्युअलमधे बघा). काउंटरवर असताना मी बघितलंय, माणसं प्लॅन संपल्यावर मोठी सर्व्हिस घेऊन यायची आणि एस्टिमेट हातात पडलं की चेहरा उतरायचा, म्हणायची अहो आम्ही तर प्लॅन घेतलेला ना. मला त्यांना कागद दाखवून संपला म्हणून सांगावं लागायचं, ते मला कधीच आवडलं नाही. प्लॅन स्वस्त की महाग हे नंतर बघा, आधी तो कुठल्या सर्व्हिसला संपतो ते बघा.

हिशेबी_ताई:
लोनमधे अजिबात टाकू नका दादा!! हप्ता जेमतेम वाढतो हे खरं आहे पण ५ वर्षांचं लोन ९ टक्क्यांनी असेल तर १०० चा प्लॅन तुम्हाला साधारण १२४-१२५ ला पडतो, म्हणजे जे २० टक्के वाचणार होते ते व्याजातच गेले, वर प्लॅन ३ वर्षांत संपला तरी त्याचे हप्ते पुढं २ वर्षं भरत बसायचं. घ्यायचा असेल तर वेगळे पैसे भरून घ्या आणि पावती वेगळी मागा, गाडीच्या बिलात मिसळू देऊ नका.

पण प्लॅन म्हणजे नेहमी लुबाडणूकच असं नाही, मी घेतलाय आणि मला परवडलाय. माझं रनिंग महिन्याला २,००० किमी. माझा प्लॅन ४ वर्षं / ६०,००० किमीचा होता, अडीच वर्षांत संपला, पण ६०,००० पर्यंतच्या सगळ्या सर्व्हिस वापरून संपला त्यामुळे बुडालं काहीच नाही, ४०,००० ची मोठी सर्व्हिससुद्धा त्यातच झाली. मधल्या काळात पार्ट आणि लेबरचे दर २ वेळा वाढले ते मला लागले नाहीत. वर्षाला ६ टक्के जरी दर वाढले तरी ३ वर्षांनी १०० ची सर्व्हिस ११९ ला जाते, त्यामुळे लांबच्या प्लॅनमधे दर गोठवण्याला किंमत आहे, आखूड प्लॅनमधे फारशी नाही.

अजून एक. मधेच माझी बदली झाली, प्लॅन कंपनीचा होता म्हणून नव्या गावच्या डीलरने एका शब्दाने विचारलं नाही, चॅसी नंबर टाकला आणि स्क्रीनवर सगळं आलं.

जुनी_पावती:
ताईंनी शेवटी जे लिहिलंय तिथंच मी फसलो. माझा प्लॅन डीलरचा स्वतःचा होता, हे मला माहीतच नव्हतं, कारण कागदावर कंपनीचा लोगो होता आणि खाली बारीक अक्षरात डीलरचं नाव. २ सर्व्हिस झाल्या आणि ती डीलरशिप बंद पडली. दुसऱ्या डीलरकडे गेलो तर तिथल्या मुलीने बिचारीने ३ वेळा चॅसी नंबर टाकून बघितला, सिस्टिममधे प्लॅनच नाही. उरलेल्या सर्व्हिसचे पैसे गेले ते गेले. कंपनीला मेल केले, उत्तर आलं की हा करार आमच्याशी नाही. राग पैशांपेक्षा याचा जास्त आला की विकत घेताना एका वाक्यात सांगता आलं असतं आणि कुणी सांगितलं नाही.

म्हणून पैसे भरल्यावर ३-४ दिवसांत कंपनीच्या ॲपमधे किंवा हेल्पलाइनला स्वतः चॅसी नंबर देऊन खात्री करा की प्लॅन तिथे दिसतोय. दिसत नसेल तर लगेच पैसे परत मागा, महिन्याभराने कुणी दाद देत नाही. गाडी मधेच विकली तर प्लॅन नव्या मालकाच्या नावावर होतो का, आणि गाडी अपघातात टोटल लॉस (दुरुस्तीच्या पलीकडे) झाली तर उरलेले पैसे मिळतात का, हेही लेखी घ्या.

संथ_गती:
माझं वर्षाला जेमतेम ३,००० किमी होतं, मी प्लॅन घेतला नाही आणि पहिली २ वर्षं सर्व्हिसच केली नाही, किमी कुठे झालेत म्हणून. चूक केली का? मूळ प्रश्नाच्या जवळचं आहे म्हणून इथेच विचारतोय.

ग्रीसचे_हात:
@संथ_गती हो, करून घ्या लवकर. तक्त्यात किमी आणि महिने दोन्ही दिलेले असतात आणि जे आधी येईल ते धरायचं. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल उलट जास्त खराब होतं, कारण २-३ किमीच्या फेरीत इंजिन पूर्ण तापतच नाही, आतला ओलावा आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमधेच राहतं, तापलं असतं तर उडून गेलं असतं. डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) काढून बघा, ऑइलला पेट्रोलचा वास मारत असेल किंवा ऑइल भरायच्या टोपीखाली दुधाळ साय धरली असेल तर थांबू नका. ब्रेक फ्लुइडचंही तेच, ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक ग्रेड) चं नवं फ्लुइड किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेल्याची मर्यादा १५५ वर येते. घाटात सलग ब्रेक मारताना हा फरक पायाला कळतो.

आणि याच कारणाने कमी रनिंगवाल्याने प्लॅन घेतला तरी सर्व्हिस वर्षाला एकच होते, त्यामुळे किमीचा मोठा आकडा बघून भुलू नका, वर्षं मोजा.

@चाकावरचा_नवखा वॉरंटीचं राहिलं. नुसती बाहेर सर्व्हिस केली म्हणून सगळी वॉरंटी उडते हे सरसकट खरं नाही, अमेरिकेत तर १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने कंपनीला अशी अट घालून वॉरंटी अडवता येत नाही. पण देशोदेशी नियम वेगळे, त्यामुळे तुमच्या वॉरंटी बुकलेटमधलं ते पान शब्दन् शब्द वाचा. आणि कुठेही केलीत तरी बिलावर तारीख, किमी, ऑइलचा ग्रेड (०डब्ल्यू-२० का ५डब्ल्यू-३० जे मॅन्युअलमधे असेल ते) आणि फिल्टरचा पार्ट नंबर लिहून घ्या. वेळेवर सर्व्हिस केल्याचा कागद नसेल तर मात्र क्लेम अडकतो, हे मी स्वतः बघितलंय. आणि तुम्हाला प्लॅन न घेताही डीलरकडेच सर्व्हिस करता येते की, पैसे त्या त्या वेळी द्यायचे एवढंच. सेल्सवाले हा तिसरा पर्याय सांगत नाहीत.

पॅड_झिजले:
कुणी वेअर अँड टेअरचं, म्हणजे वापराने झिजणाऱ्या पार्टचं, लिहिलं नाही म्हणून लिहिते. सर्व्हिस प्लॅन, मेंटेनन्स प्लॅन आणि एक्स्टेंडेड वॉरंटी ह्या ३ वेगळ्या गोष्टी आहेत आणि विकताना सगळ्या एकाच तोंडाने सांगतात. साध्या सर्व्हिस प्लॅनमधे ब्रेक पॅड, क्लच, वायपर, बॅटरी, टायर, बल्ब यातलं काहीच नसतं. मी समजून चालले होते की सगळं कव्हर आहे, आणि ३५,००० ला पुढच्या पॅडचं बिल आलं. मेकॅनिकने जुने पॅड हातात दिले, एकाचं अस्तर ३ मिमीच्या खाली गेलेलं, म्हणजे बदलणं गरजेचंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण कव्हरमधे नाही हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय प्लॅन असला तरी जॉब कार्डवर (वर्कशॉपमधे गाडी देताना कामांची यादी लिहितात तो कागद) एसी डिसइन्फेक्शन, इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, अँटी-रस्ट असं काहीतरी वरचं लिहिलेलं असतंच, त्याचे पैसे वेगळे. सही करण्याआधी एकेक ओळ वाचा आणि जे मेंटेनन्सच्या तक्त्यात नाही ते कशासाठी विचारा. समाधान झालं नाही तर नको म्हणायचं, ते लोक खोडतात, भांडायला लागत नाही.

चाकावरचा_नवखा:
सगळ्यांचे मनापासून आभार, काल सगळे कागद घेऊन बसलो. मॅन्युअलमधला तक्ता सापडला, पहिल्या ५ सर्व्हिसमधे आर निघाले फक्त १०,००० पासून पुढे, तंतोतंत ग्रीसदादा म्हणाले तसे. मग वर्कशॉपच्या काउंटरवर (सेल्सकडे नाही) जाऊन प्रत्येक सर्व्हिसचं एस्टिमेट मागितलं, त्यांनी न कुरकुरता प्रिंट काढून दिली.

साध्या ऑइल सर्व्हिसला १०० धरलं तर १०,००० ची पडते ७० (लेबर फ्री), २०,००० ची १४०, ३०,००० ची १००. एकूण ३१०. आणि याच मापात प्लॅनची किंमत ३३०! लोनमधे घातला असता तर ४१० च्या वर. ब्रोशरमधे सुट्या सर्व्हिसची बेरीज ४१२ दाखवलीय, म्हणजे वरचे १०२ आले कुठून ते शोधलं तर त्यातले ९० फ्री सर्व्हिसची मजुरी, बाकी कंझ्युमेबल्स (कामात वापरून संपणाऱ्या किरकोळ वस्तू). मी हे सगळं कागदावर मांडून सेल्स मॅनेजरसमोर ठेवलं. तो बराच वेळ बघत बसला, मग म्हणाला सर ४ वर्षं / ४०,००० चा पण प्लॅन आहे, तो आम्ही सहसा पुढे करत नाही. त्याची किंमत ४८०. ४०,००० ची सर्व्हिस आजच्या दराने २२० आहे, म्हणजे सुट्या केल्या तर ५३०, आणि चौथ्या वर्षापर्यंत दर वाढतीलच. प्लॅन कंपनीचा आहे, हेल्पलाइनला विचारून खात्री केली.

तो घेतोय, रोख भरून, वेगळी पावती. ४०,००० ची सर्व्हिस ब्रेक फ्लुइड, एअर फिल्टर आणि प्लगसकट धरलेली आहे असं मॅनेजरने हाताने लिहून खाली शिक्का मारून दिलंय. ब्रेक पॅड नाहीत, ते माहीत आहे आता.

एकच शंका, ४ वर्षं डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजतात का प्लॅन घेतल्याच्या?

ग्रीसचे_हात:
हे काम फार चांगलं केलंत. बहुतेक ठिकाणी गाडी विकल्याच्या तारखेपासून, म्हणजे वॉरंटी सुरू होते तिथून मोजतात, तुमच्या बाबतीत फरक थोड्या दिवसांचा आहे पण तरी पावतीवर शेवटची तारीख लिहून घ्या. आणि ४०,००० ची सर्व्हिस त्या तारखेच्या महिनाभर आधीच उरकून घ्या, किमी ३५-३६ हजारच झाले असले तरी. शेवटच्या आठवड्यात वर्कशॉपची अपॉइंटमेंट मिळाली नाही आणि तारीख उलटली तर प्लॅन संपलेला दिसतो. त्या शिक्क्याच्या कागदाचा आजच फोटो काढून ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात उन्हाने शाई उडते.