मदत हवी आहे : पुणे-मालवण ईव्हीने, कोल्हापूरनंतर चार्जिंग कुठे?

येत्या शनिवारी आई-बाबांना घेऊन नेक्सॉन ईव्ही या इलेक्ट्रिक गाडीने (बॅटरी ४०.५ किलोवॅट-तास) मालवणला निघतोय. एसी लावून हायवेला २५० किमी मिळतात. कोल्हापूरपर्यंतची काळजी नाही, कराडला जेवताना चार्ज करतो. पुढे राधानगरी-फोंडा घाटानेच जायचंय.

गेल्या खेपेला कणकवलीजवळचा फास्ट चार्जर ॲपवर चालू दिसत होता. पोचलो तर स्क्रीन काळी, गाडीत १४ टक्के! बाबांना त्या उन्हात पुन्हा ताटकळत ठेवायचं नाही. मुक्कामी १५ अँपिअरचा सॉकेट आहे, पण अर्थिंग नसल्याने गाडी चार्जच होत नाही.

गेल्या महिनाभरात कणकवली, कुडाळ किंवा मालवणात सीसीएस-२ (माझ्या गाडीला लागणारा फास्ट चार्जिंगचा प्लग) चार्जर कुणी स्वतः वापरलाय का? नेमका कुठे, आणि रात्री ८ नंतर चालू असतो का?