नायट्रिक ऑक्साइड: रक्तवाहिन्यांपलीकडे

एक समज असा की शरीरात बनणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडचं काम रक्तवाहिन्या सैल करण्यापुरतंच. १९९८चं नोबेल त्यासाठीच मिळालं, तेव्हा समज साहजिक आहे. पण १९८८ मध्येच शास्त्रज्ञ जॉन गार्थवेट आणि सहकाऱ्यांनी लहान मेंदूच्या पेशींतूनही तसाच पदार्थ सुटतो हे दाखवलं होतं. गंमत म्हणजे हा वायू, त्यामुळे इतर चेतारसायनांसारखा (चेतापेशींमधले निरोप नेणारी रसायनं) पेशीतल्या सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवता येत नाही. ग्लुटामेट या चेतारसायनामुळे चेतापेशीत कॅल्शियम शिरलं की आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो ताजा बनतो, पेशीच्या पटलातून थेट शेजारच्या पेशीत झिरपतो आणि काही सेकंदांत संपतो. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात जीएनआरएच या हार्मोनच्या स्रावावर त्याचा प्रभाव असतो. त्या हार्मोनमुळे पुढे पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे हार्मोन, मग बीजांड सुटणं. आर्जिनिनची पावडर खाऊन हार्मोन ‘बॅलन्स’ करण्याच्या जाहिरातींवर मात्र माझा काडीचाही विश्वास नाही.