फ्रीजरमधल्या छोट्या प्लास्टिक पिशव्या: सोय की कचरा?

अबोली: परवा हळदीकुंकवाला मटारचा विषय निघाला. मी फ्रीजरमध्ये वाटीवाटीच्या पिशव्या भरून ठेवते म्हटल्यावर दोघीतिघींनी नाकं मुरडली, म्हणून इथे विचारते. मटार स्वस्त झाला की पाच किलो आणते. सोलून उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून पिशवीत. एका पिशवीत एका भाजीपुरते. ओलं खोबरं, वाटण, पुरण सगळं असंच. हवा काढून पिशवी चपटी केली की लवकर गोठते आणि वह्यांसारखी उभी रचता येते. शंभर पिशव्या पन्नास-साठ रुपयांत. डब्यातलं वाटण दगडासारखं होतं. सगळं वितळवून उरलेलं परत गोठवणं मला पटत नाही.

तळेगावकर: मटारला पिशव्या हव्यातच कशाला? ताटात एक थर पसरून ताट फ्रीजरमध्ये ठेवा. दाणे सुटे कडक झाले की सगळे एका डब्यात, हवे तेवढे मूठभर काढा. वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये घाला, वड्या निघतात. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हापासून आपण बाजारात कापडी पिशवी नेतो आणि घरात मात्र शंभराची पाकिटं! दुधाची पिशवी निदान भंगारात जाते. ही वाटणाने बरबटलेली पातळ पिशवी कोणी उचलत नाही.

सागरवेळ: रत्नागिरीहून लिहितेय. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून मेअखेरीस कोलंबी साफ करून ठेवतो. पण डब्यात, वर पाणी ओतून. बर्फाच्या आत हवा लागत नाही. पातळ पिशवीतली कोलंबी सुकून पांढरी पडते आणि चिवट लागते. सुरमईच्या तुकड्यांना मात्र मी पिशवीच वापरते, नाहीतर एकमेकांना चिकटतात.

अबोली: ताटाची युक्ती खरंच चांगली आहे. पण एक सांगायचं राहिलं. सासूबाई ८१ वर्षांच्या, संधिवाताने बोटं वाकलेली. मी सकाळी सव्वासातला निघते. त्यांचं कमी मिठाचं वरण, भाजी रविवारी करून एकेका जेवणाचं गोठवते. गार पडलेल्या डब्याचं झाकण त्यांना उघडत नाही, शेजारी हाक मारावी लागायची आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. आता पिशवी कात्रीने कापून पातेल्यात टाकतात, स्वतः गरम करून जेवतात. खोबऱ्या-मटारच्या पिशव्या मी धुऊन दोरीवर वाळवते, तीन-चारदा वापरते. मासे-मटणाच्या नाही.

तळेगावकर: सासूबाईंच्या पिशव्यांना माझा विरोध नाही. पण ज्यांच्या हातात झाकण उघडायचा जोर आहे, त्यांनी डबाच वापरावा, हे मी सोडणार नाही.

रुईफूल: वरण गार करूनच भरा, आणि पाकिटावर अन्नासाठी आहे असं लिहिलेलं नसेल तर ते घेऊच नका, कितीही स्वस्त असो. वितळवायचं तेही फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, रात्रीच काढून. उणे १८ अंशांतही जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. ओट्यावर दुपारपर्यंत ठेवलं की परत वाढतात.

अबोली: गार करूनच भरते. पाकीट आता पाहिलं, त्यावर काहीच लिहिलेलं नाही. उद्या दुसरं आणते. आणि यंदाचे मटार ताटात.